मण्यांत कोंडलेली बुरशी

महोदय,
पेनिसिलीनचा कच्चा माल वर्षानुवर्षे मुख्यतः चीनमधून येतो, हे गोव्यात वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत काम करणाऱ्यांना सांगायला नको. त्यावर भाषणे पुष्कळ होतात, प्रयोग मात्र दिसत नाहीत.

पेनिसिलीन बनवणारी पेनिसिलियम बुरशी टाकीत मोकळी वाढली, की द्रावण पेजेसारखे दाट करते. मग ढवळायला वीज जास्त लागते आणि प्राणवायू नीट पोचत नाही. तीच बुरशी मण्यांत कोंडता येते. अल्जिनेट या समुद्री शेवाळातल्या चिकट पदार्थाच्या द्रावणात बुरशीचे बीजाणू मिसळून सिरिंजने कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडले, की जागच्या जागी मऊ मणी तयार होतात. द्रावण पातळ राहते, मणी पुन्हापुन्हा वापरता येतात.

अडचण आहेच. प्राणवायू मण्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, बुरशीचे तंतू मण्याबाहेर फुटतात. म्हणून मोठ्या कारखान्यांत आजही मोकळीच बुरशी वाढवतात. पण मण्यांचा आकार, हवेचा पुरवठा यांवर आपल्या महाविद्यालयांत काम का होऊ नये? साहित्य महागडे नाही, आणि अल्जिनेट ज्यापासून काढतात ते सरगॅसम शेवाळ तर हणजुण्याच्या किनाऱ्यावरील खडकांवरच वाढते! विद्यापीठाने पदव्युत्तर प्रकल्पांसाठी हा विषय यंदाच द्यावा.

– एक वाचक, फोंडा