मागचा कॅनल

कोल्हापूर,
रविवार दुपार

प्रिय वैशू,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली दाताच्या स्कॅनची सीडी काल रात्री निवांत बघितली. फोनवर तू वैतागून म्हणालीस, "एवढ्याशा दाताचे शेकडो काळे-पांढरे फोटो, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." कळेल गं. व्हॉट्सॲपवर सांगायला गेले तर तुकडे तुकडे होतील, शिवाय तू मध्येच दहा प्रश्न विचारशील, म्हणून सरळ पत्रच लिहायला घेतलं.

आधीच्या डॉक्टरांनी तुझं रूट कॅनल करताना हलगर्जीपणा केला का, हे तू तीनदा विचारलंस. मला तसं वाटत नाही. त्यांनी काढलेले जुने एक्स-रेही मी बघितले. त्यांत जे दिसायला हवं होतं ते दिसतच नाही, आणि ते का दिसत नाही हीच खरी गोष्ट आहे.

तुझा दुखरा दात म्हणजे खालचा उजवीकडचा मधला पटाशीचा, आमच्या भाषेत एक्केचाळीस नंबर. तोंडातला सगळ्यांत लहान दात. मुळासकट जेमतेम एकवीस-बावीस मिलिमीटर. लोकांना वाटतं, रूट कॅनल अवघड ते दाढेचं, तीन-चार कॅनल, म्हणजे मुळातल्या बारीक नळ्या, शोधत बसावं लागतं. पुढच्या दातात काय, एक मूळ, एक कॅनल, अर्ध्या तासात मोकळं. डेंटल कॉलेजच्या पोरांनाही सुरुवातीला पुढचेच दात देतात. वरच्या मधल्या दातांपुरतं ते बऱ्यापैकी खरंही आहे. खालच्या पटाशीच्या दातांना मात्र ते लागू पडत नाही.

का, ते बघ. हा दात समोरून हडकुळा दिसतो, पण बाजूने बघितला तर चांगला रुंद असतो. हिरडीपाशी त्याची डावी-उजवी रुंदी सरासरी साडेतीन मिलिमीटर, आणि ओठाकडून जिभेकडे मोजली तर पाचाच्या वर. म्हणजे मूळ गोल नाही, चपटं आहे. त्यातला कॅनलही तरुणपणी चपट्या फितीसारखा असतो. वय वाढतं तसं आतून डेंटिनचे, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण भागाचे, थर चढत जातात, फितीचा मधला भाग मिटतो, आणि पुढे एक, मागे एक असे दोन कॅनल उरतात. ओठाकडचा एक, जिभेकडचा एक. आपण आता पन्नाशी ओलांडलेल्या, तेव्हा तुझ्या दातात हे झालं असेल तर नवल नाही.

आता एक्स-रे कसा काढतात ते आठव. सेन्सर जिभेच्या बाजूला, मशीन ओठासमोर. किरण समोरून मागे जातात. शाळेच्या ग्रुप फोटोत तू नेहमी त्या उंच शैलाच्या बरोब्बर मागे उभी राहायचीस आणि फोटोत फक्त तुझी रिबीन दिसायची, तसंच हे. दोन कॅनल एकामागे एक उभे, फोटोत एकच रेघ. दाताची सगळी गंमत खोलीच्या दिशेला, आणि साध्या एक्स-रेमध्ये नेमकी तीच दिशा चपटी होऊन जाते.

हे काही आजकालचं ज्ञान नाही. झुरिकचे वॉल्टर हेस शंभर वर्षांपूर्वी, उपटलेल्या दातांत रबर भरून, मग बाहेरचा दात विरघळवून कॅनलचे साचे काढत होते. बघणाऱ्यांना ते खरेच वाटेनात, इतक्या त्यात फांद्या. पुढे १९७४ मध्ये बेंजामिन आणि डाउसन यांनी खालचे ३६४ पटाशीचे दात तपासले, ४१.४ टक्क्यांत दोन कॅनल निघाले. फ्रँक व्हर्टुची यांनी दात ॲसिडने मऊ करून, आत रंग सोडून, काचेसारखे पारदर्शक केले आणि कॅनलच्या वाटांचे आठ प्रकार ठरवले. १९८४ च्या त्यांच्या तक्त्यात खालच्या मधल्या पटाशीच्या शंभर दातांपैकी तिसांत कॅनल कुठे ना कुठे दोन झालेला आहे. वेगवेगळ्या देशांतले आकडे कमी-जास्त भरतात, पण "क्वचित" म्हणण्याइतके ते कुठेच कमी नाहीत. दंतवैद्यकाच्या पुढच्या शिक्षणाला, एम.डी.एस.ला असताना आम्हीही असे पारदर्शक दात केले होते. शेवटी ते मिथाइल सॅलिसिलेटमध्ये बुडवून ठेवायचे. दुखण्यावर चोळायच्या मलमात असतं तेच. लॅबभर तो वास, आणि होस्टेलवर गेलं की मुली विचारायच्या, "काय गं, पाठ धरली का?"

पण ह्या आकड्यांतली खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्या ३६४ दातांत दोन्ही कॅनल शेवटपर्यंत वेगळे राहून दोन वेगळ्या तोंडांनी बाहेर पडले, असे दात होते फक्त १.३ टक्के. बाकीच्यांत दोन वाटा खाली जाऊन परत एक होतात. व्हर्टुचींचा तिसरा प्रकार हाच: एक, मग दोन, मग पुन्हा एक. म्हणून तर मागचा कॅनल न सापडताही कितीतरी लोकांचे रूट कॅनल वर्षानुवर्षं बिनतक्रार टिकतात. पुढच्या कॅनलमधून टोकापर्यंत नीट साफ केलं आणि संगमाच्या खाली घट्ट भरलं, तर मागची घाण कोंडली जाते, तिला बाहेर यायला दार राहत नाही. माझ्या मते ह्याच कारणाने आमच्या व्यवसायात हा कॅनल शोधायचा आळस टिकून आहे. बहुतेक वेळा निभावतं ना!

तुझ्या बाबतीत निभावलं नाही. सीडी लाव आणि मी सांगते तसं बघ. स्क्रीनवर तीन खिडक्या दिसतील: आडवे काप, समोरून काप, बाजूने काप. समोरून असलेली सोडून दे, ती साध्या एक्स-रेची बहीण. आडव्या कापांत खालच्या जबड्याची कमान दिसेल. एक्केचाळीसवर जा आणि माउसचं चाक हळूहळू फिरवत मुळाच्या मध्यापर्यंत उतर. मूळ लांबट अंडाकृती दिसेल. ओठाकडच्या अर्ध्यात लखलखीत पांढरा ठिपका आहे, तो गटापर्चा, म्हणजे रूट कॅनलमध्ये भरलेला मसाला. तो मुळाच्या मधोमध नाही, पुढे सरकलेला आहे. एवढ्यावरच शंका यायला हवी. भराव एका बाजूला म्हणजे दुसऱ्या बाजूला काहीतरी राहिलंय. आणि त्याच्या मागे, जिभेकडे, बारीक काळा ठिपका आहे. तोच तुझा मागचा कॅनल.

इथे मी लगेच हुरळले नाही हं. गटापर्चासारख्या दाट वस्तूंभोवती स्कॅनमध्ये खोट्या काळ्या रेघा उमटतात. त्यांना कॅनल समजून किंवा मुळाला तडा गेला समजून चांगले चांगले फसतात. पण खोटी रेघ भरावाबरोबर येते आणि भराव संपला की संपते. तुझ्यात भराव संपल्यावरही पुढचे काही काप तो ठिपका तिथेच आहे. मग पुढच्या कॅनलचा न भरलेला भाग आणि हा, दोन्ही जवळ येत येत टोकाच्या अलीकडे एक होतात. भराव ह्या संगमाच्या वरच थांबलाय. म्हणजे मागून येणारी घाण विनाअडथळा टोकाबाहेर. टोकाशी हाडात काळपट जागा दिसते आणि हिरडीवर तो फोड येतो, फुटतो, पुन्हा येतो, ते त्यामुळे.

आधी स्कॅनच का नाही काढला, असं तू म्हणशील. सगळ्यांचाच काढू नये म्हणून. १८९६ च्या जानेवारीत, रॉन्टगेनचा एक्स-रेचा शोध जाहीर होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, ऑटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा पहिला फोटो काढला. पंचवीस मिनिटं किरणं घेत पडून होते. न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स १८९९ मध्ये कॅनलमध्ये शिशाची तार घालून एक्स-रेवर लांबी बघत होते, रूट कॅनलसाठी एक्स-रे वापरणाऱ्या पहिल्यांपैकी ते. त्या किरणांनी त्यांची बोटं गेली, हात गेला, १९२८ मध्ये त्यांनी स्वतःच जीवन संपवलं. आता तसं काही उरलेलं नाही, घाबरू नकोस. दंतवैद्यकातला हा शंकूच्या आकाराच्या किरणांचा स्कॅन, सीबीसीटी, १९९८ मध्ये व्हेरोनाच्या मोझो आणि मंडळींनी मांडला. डोक्याभोवती एक फेरी आणि काम संपलं. तरी त्याचा डोस साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट असतो. अमेरिकेतल्या एन्डोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे रूट कॅनलच्या तज्ज्ञांच्या, आणि डेंटल रेडिओलॉजिस्टांच्या संघटनांचं निवेदनही तेच सांगतं: आधी साधा एक्स-रे, त्याने भागत नसेल आणि जास्तीच्या कॅनलची शंका असेल किंवा बिघडलेली केस पुन्हा करायची असेल, तर छोट्या भागाचा स्कॅन. तू आता त्यात बसतेस. पहिल्या वेळी बसत नव्हतीस.

हां, एक गोष्ट तेव्हाही करता आली असती. मशीन वीस-तीस अंश बाजूला नेऊन दुसरा एक्स-रे काढायचा. मग मागचा कॅनल मशीनच्याच दिशेने सरकतो, पुढचा उलट, आणि एका रेघेच्या दोन होतात. खर्च जवळपास शून्य. हे सगळ्यांना शिकवलेलं असतं, आणि सेन्सर तोंडात टोचून पेशंट कुरकुरायला लागला की सगळे गाळतात. दुसरी खूण म्हणजे रेघ वरून ठळक येता येता मध्येच एकदम पुसट झाली, तर तिथे कॅनल फुटलाय समजायचं. तुझ्या पहिल्या एक्स-रेत मला तसं किंचित वाटलं, पण स्कॅन आधी बघितल्यावर सगळंच दिसायला लागतं, तेव्हा त्यावर मी कुणाला दोष देणार नाही.

श्रीकांतच्या सुळ्याचं तू विचारलंस. खालचा सुळा असेल तर त्यालाही हेच: व्हर्टुचींच्या शंभरांत बावीस सुळे दोन कॅनलचे होते, आणि काही थोड्या लोकांना तर चक्क दोन मुळं असतात. वरच्या सुळ्यांत तसं सहसा नसतं, तो फक्त लांब. वरचा, मधल्याच्या शेजारचा दात मात्र वेगळाच नग. त्याचं टोक बहुधा टाळूकडे आणि सुळ्याकडे वळलेलं असतं. कधी घडताना त्याचं एनॅमल आत दुमडतं आणि दातात दात दिसतो. ओहलर्स यांनी १९५७ मध्ये त्याचे तीन प्रकार केले. तिसऱ्यात ही घडी मूळ भेदून बाहेर उघडते, तेव्हा स्कॅनशिवाय हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता काय करायचं. दात काढून इम्प्लांट बसवा, असं तुला सुचवलंय. त्याला माझा विरोध. तिथे जागा जेमतेम पाच मिलिमीटर, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची मुळं. मूळ धडधाकट आहे, तडा नाही. आधी रूट कॅनल पुन्हा करून घे. जिभेकडच्या बाजूने जे भोक पाडलंय ते हिरडीच्या दिशेने थोडं वाढवावं लागेल, कारण तिथे डेंटिनचा एक उंचवटा मागच्या कॅनलच्या तोंडावर येतो आणि कॅनल साफ करायची बारीक सुई, फाइल, त्यावरून घसरून दर वेळी पुढच्याच कॅनलमध्ये जाते. तो उंचवटा काढला की वाट मिळते. मायक्रोस्कोप असलेल्या एन्डोडॉन्टिस्टकडेच जा; नाशिकमध्ये मिळतील, मी विचारून कळवते. डाव्या-उजव्या बाजूला मूळ पातळ आहे, तेव्हा तिथे जास्त कोरू नका, हे माझं नाव घेऊन सांगितलंस तरी चालेल. नंतर हाड भरून यायला महिने लागतात, लगेच पुन्हा स्कॅनचा हट्ट धरू नकोस, सहा महिन्यांनी साधा एक्स-रे पुरे.

आणि फोड आला की मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणून घेतेस, ते बंद कर. कॅनलमधली नस मेलेली आहे, तिथे रक्तच पोचत नाही तर गोळी काय पोचणार? चेहरा सुजला किंवा ताप आला तर मात्र गोळी-बिळी न शोधता थेट डॉक्टर गाठ.

जुने एक्स-रे मी कुरियरने परत पाठवतेय, ते आणि सीडी दोन्ही नव्या डॉक्टरांना दे. अपॉइंटमेंट मिळाली की तारीख कळव, आदल्या दिवशी त्यांच्याशी मी फोनवर बोलेन. श्रीकांतलाही त्याच फेरीत दाखव.

तुझी,
मेधा