स्टेपनीही तपासा, हातोडी हाताशी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर गॅरेजमध्ये वायपर, ब्रेक, बॅटरी पाहून देतात. डिकी मात्र कोणी उघडत नाही. ताम्हिणी, वरंधा किंवा आंबोली घाटात रात्री गाडी अडली की पहिली गरज त्या डिकीतल्या सामानाचीच पडते.

स्टेपनी नुसती पडून राहिली तरी तिची हवा हळूहळू उतरते. महिन्यातून एकदा हवा पाहावी आणि नेहमीपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्तच ठेवावी. चाकाचे नट गॅरेजमधल्या हवेच्या गनने इतके आवळलेले असतात की गाडीसोबत मिळालेल्या आखूड पान्याने हलत नाहीत. लांब दांड्याचा किंवा क्रॉस पाना घ्यावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत, कारण जॅकवर चढवल्यावर जोर लावला तर गाडी घसरते. ओल्या साइडपट्टीत जॅक रुततो, म्हणून फूटभर चौरस जाड प्लायवूडचा तुकडा सोबत असू द्यावा.

2020 पासून नियमाने काही गाड्यांना स्टेपनीची सक्ती उरलेली नाही. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचे किट असले की पुरे. पण किटमधले सीलंट खिळ्याच्या भोकापुरते. खड्ड्याच्या कडेने टायरची बाजू फाटली, तर त्याचा काही उपयोग नाही, आणि आपल्याकडे पावसाळ्यात टायर फाटतात ते बहुधा असेच. शिवाय सीलंटला मुदत असते, ती बाटलीवर पाहावी. जागा असेल तर स्टेपनी विकत घेऊन ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बंद गाडीमागे दगड आणि झाडाच्या फांद्या मांडायची आपली पद्धत आता सोडली पाहिजे. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि रात्री मागून येणारा दुचाकीस्वार त्यावर आदळतो. परावर्तक त्रिकोण गाडीसोबत मिळालेला असतो, बऱ्याचदा प्लास्टिकच्या पिशवीत न उघडलेला. ताशी 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. म्हणजे 50 मीटरवर ठेवलेला त्रिकोण मागच्याला जेमतेम दोन सेकंद देतो. द्रुतगती मार्गावर तो किमान 100 मीटर मागे हवा, घाटात वळणाच्या अलीकडे. तो ठेवायला जाणाऱ्याच्या अंगात चमकणारे जाकीट हवे, आणि ते डिकीत नव्हे, चालकाच्या दारात. बाकीच्यांनी गाडीत न बसता कठड्यापलीकडे सुरक्षित जागा असेल तिथे थांबावे.

काच फोडायच्या हातोडीचेही तसेच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मुंबईत माणसे बंद गाड्यांत गुदमरून गेली. पाणी दारापर्यंत चढले की बाहेरच्या दाबाने दार उघडत नाही, म्हणून आधी काच खाली करावी. तीही अडली तर हातोडी. समोरच्या काचेवर मारून फायदा नाही. ती दोन थरांची असते, तडकते पण पडत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारावे. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही दोन थरांच्या आहेत. आपल्या गाडीत कोणती काच आहे, ते काचेवरच्या शिक्क्यावरून आजच पाहून ठेवावे. हातोडीला सीटबेल्ट कापायचे पाते असावे आणि ती बसल्या जागी हात पोहोचेल तिथे घट्ट बसवलेली असावी.

उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते. त्यामुळे गोळ्या-औषधे, पॉवर बँक, सॅनिटायझर गाडीत कायमचे ठेवू नयेत. निघताना सोबत घ्यावेत. गॉज, रुंद बँडेज, कात्री, हातमोजे, ओआरएसची पाकिटे यांना गाडीत जागा असावी, मात्र चिकटपट्टीचा गोंद उन्हाने सुटतो, ती दर उन्हाळ्यानंतर बदलावी. पाणी माणशी एक लिटर. टॉर्च डोक्याला बांधायचा घ्यावा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि सेल काढून शेजारी ठेवावेत, नाहीतर ते आतच पाझरतात. उतरलेली बॅटरी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची जंपर केबल नुसती जाड रबराची पाहून घेऊ नये. आतली तार तांब्याची, निदान 16 चौरस मिलिमीटरची हवी.

विक्रेत्यांना विनंती, गाडीची चावी देताना हार-पेढ्यांबरोबर पाच मिनिटे काढून ग्राहकाच्या हाताने एकदा स्टेपनी बाहेर काढून घ्यावी. आणि 112, 108 व राष्ट्रीय महामार्गासाठी 1033 हे क्रमांक सन व्हायझरवर कागदावर लिहून चिकटवावेत.

आपला,
एक मोटार मेकॅनिक, कऱ्हाड