आणेवारी शिकवणाऱ्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,

अस्सलामु अलैकुम.

पाकीट तुम्ही घेत नाही. शाल आणली तर "ज्याला थंडी वाजते त्याला द्या" म्हणता. मिठाई डॉक्टरांनी बंद केली आहे. मग उरलं हे पत्र. ते उघड लिहिते आहे, कारण आमच्या घरात अब्बांच्या वारशाची वाटणी जशी सरळ पार पडली तशी मिरज-सांगलीतल्या कितीतरी घरांत होत नाही, आणि तिथल्या बायकांना तुमच्या रविवारच्या वर्गाची खबरही नसते.

अब्बांचं चाळिसावं झालं आणि हक्कसोडपत्राचा मसुदा घरात आला. कुणाच्या मनात पाप नव्हतं, हे आधी सांगते. दस्त लिहिणाऱ्या माणसाने तो स्वतःहून करून दिला होता. तीन बहिणींची नावं, खाली सहीच्या जागा, आणि "राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता" हे आधीच टाईप केलेलं. त्याच्याकडे नमुना एकच. पाटलांच्या लेकींना तोच, जैनांच्या लेकींना तोच आणि आम्हालाही तोच. या एका बाबतीत आपल्याकडे सगळ्या जातिधर्मांचं इतकं एकमत आहे की कौतुक करावं की डोकं धरावं, कळत नाही. मोठा भाऊ म्हणाला, "आपा, रीतच आहे." अम्मी गप्प. मधली बहीण तर पेन शोधायला लागली होती.

तुम्ही अब्बांचे दोस्त म्हणून भेटायला आला होता. कागद वाचलात, चष्मा काढलात आणि हिश्श्याबद्दल एक अक्षर न बोलता विचारलंत, "मय्यतीचा खर्च कुणी केला? देणं किती आहे? आणि भाभींचा मेहेर दिला होता का?"

भाभी म्हणजे आमची अम्मी, आणि मेहेर म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम. आम्ही पाचही भावंडं एकमेकांकडे बघत राहिलो. आधी कफन-दफन, मग कर्ज, मग वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, असेल तर ती, आणि त्यातून जे उरेल त्यालाच वारसा म्हणायचं, हा क्रम तुम्ही बोटांवर मोजून दाखवलात. कुराणातल्या सूरह निसामध्ये वाटण्या सांगताना "वसीयत आणि कर्ज फेडल्यानंतर" हे पुन्हा पुन्हा येतं. लहानपणापासून आम्ही ती आयत अरबीत पढत आलो. तिच्यात आमच्या दुकानाच्या उधारीचीही गोष्ट आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा समजलं.

अब्बांच्या सतार-तानपुऱ्याच्या दुकानात लाकूडवाल्याचं देणं होतं, ते ठाऊक होतं. पण तुम्ही अब्बांची बयाण्याची, म्हणजे गिऱ्हाइकांच्या आगाऊ रकमांची, वही मागितलीत. त्यात धारवाडच्या एका गवयाचं नाव, जोडीतल्या दोन तानपुऱ्यांसाठी दिलेली रक्कम आणि अब्बांच्या हातची बारीक खूण. तानपुरे कोपऱ्यात उभे होते. भोपळे बसवलेले, दांडी जोडलेली, खुंट्या लावलेल्या. पॉलिश आणि जवारी (सूर गुंजावा म्हणून घोडी घासून जुळवणं) बाकी. धाकटा म्हणाला, "ती जोडी विकली तर चांगले पैसे येतील." तुम्ही म्हणालात, "बेटा, हा बयाणा तुझ्या अब्बांचा झालाच नव्हता. ती अमानत आहे. एक तर वाद्य पुरं करून दे, नाही तर पैसे परत कर." मग तो बसला जवारी काढायला. दोरा घोडीवरच्या तारेखाली सरकवायचा, तार छेडायची, पुन्हा घासायची. अब्बा असताना या कामाला तो कंटाळायचा. ती जोडी धारवाडला गेली, आणि गल्लीत आमच्या दुकानाची पत टिकली. २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले. पण बयाण्याची वही नीट ठेवणं, हे खरं मानांकन असं मला वाटतं. असो.

अम्मीचा निकाहनामा पेटीत तळाशी सापडला. मेहेर २,५०१ रुपये, बाकी ठेवलेला. आज त्या रकमेत काय येतं, असं कुणीतरी हसून म्हणालंच. तुम्ही हसला नाहीत. कर्ज लहान असलं तरी कर्जच, असं म्हणून ती रक्कम सगळ्यात आधी अम्मीच्या हातात द्यायला लावलीत. अम्मीने नोटा दोनदा मोजल्या. आमच्यासमोर तिने स्वतःचे म्हणून पैसे मोजल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि मग हिस्से. "रुपया घ्या," म्हणालात. सोळा आणे. मुलंबाळं असताना बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे अम्मीचे दोन आणे. उरले चौदा. मुलाला दोन भाग, मुलीला एक. दोन भाऊ, तीन बहिणी, म्हणजे सात भाग. भावांना चार-चार आणे, आम्हा तिघींना दोन-दोन. बेरीज बरोबर सोळा. शेतसारा आणि पीक मोजणारी आपली जुनी आणेवारी अल्लाहच्या कलामाला इतकी चपखल बसेल असं वाटलं नव्हतं. मोठा भाऊ अंगठ्याने पेरं मोजत होता. हिशेब त्याला पटला, कारण तो कुणाच्या बाजूने नव्हता.

मी मात्र तुमच्याशी वाद घातला. भावाला दुप्पट का? तुम्ही परंपरेचं उत्तर दिलंत. मेहेर पुरुषाने द्यायचा, बायकोमुलांचा खर्च त्याने उचलायचा. बाईचा हिस्सा तिचा एकटीचा, त्यातून घर चालवायची सक्ती तिच्यावर नाही. मी म्हटलं, माझ्या घरचा हप्ता, पोरांची फी, सासूबाईंची औषधं माझ्या पगारातून जातात. त्याचं काय? दुसरा कुणी असता तर "ईमान कच्चं आहे" म्हणून गप्प केलं असतं. तुम्ही म्हणालात, हा सवाल तुझ्या एकटीचा नाही. ट्युनिशियाच्या मंत्रिमंडळाने २०१८ साली समान वारशाचं विधेयक मंजूर केलं आणि ते संसदेत अडकलं, हे तुम्हीच सांगितलंत. आणि म्हणालात, बाप जिवंतपणी देतो तेव्हा कोण अडवतं? हयातीत मुलांना देताना बरोबरीने द्या, अशी हदीस आहेच. माझं अजून पूर्ण समाधान झालेलं नाही, गुरुजी. तुम्हाला ते माहीत आहे आणि तरीही तुम्ही मला वर्गात पुढे बसवता.

हक्कसोडपत्र तुम्ही फाडलं नाहीत, हे मला फार मोठं वाटतं. आपला हिस्सा काहीतरी घेऊन सोडायची वाट हनफी फिकहमध्येही, म्हणजे हनफी पंथाच्या धर्मशास्त्रातही, आहे, असं सांगितलंत. फक्त एक अट घातलीत, आधी प्रत्येकीला तिचा आकडा कळू दे. जे किती आहे तेच ठाऊक नाही, ते राजीखुशीने सोडलं असं कसं म्हणायचं? घराची किंमत काढली. मी आणि धाकटीने आपापले दोन आणे पैशांत घेतले, भावांना झेपतील तसे हप्ते ठरवून. मधलीने अब्बांचा जुना तानपुरा आणि त्यांची हत्यारं मागितली आणि बाकीचं सोडलं. तिचा नवरा अजून धुसफुसतो. पण तिने आकडा कागदावर बघून, विचार करून सोडलं. आता सही केली ती तिनेच.

तुमच्या वर्गाबद्दल थोडं, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजनंतर पंधरा-वीस मुली आणि बायका, एक फळा, आणि अपूर्णांक. बीजगणिताला ज्या ग्रंथावरून नाव मिळालं, त्या अल ख्वारिज्मीच्या ग्रंथाचा मोठा भाग वसीयत आणि वारशाच्या गणितांचा आहे, हे तिथे कळलं. शाळेत ल.सा.वि. कशाला शिकतो ते कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही फळ्यावर बायको, दोन मुली, आई आणि बाप लिहिलेत. छेद चोवीस. बायकोचे तीन, मुलींचे मिळून सोळा, आईचे चार, बापाचे चार. बेरीज सत्तावीस! रुपयातून रुपयापेक्षा जास्त वाटायचं कसं? बायका हसायला लागल्या. मग तुम्ही सांगितलंत, हजरत अली मिंबरवर (मशिदीतल्या प्रवचनाच्या चौथऱ्यावर) असताना त्यांना हाच सवाल आला आणि ते म्हणाले, तिचा आठवा हिस्सा नववा झाला. छेदच सत्तावीस करायचा, सगळ्यांचं थोडं-थोडं कमी होतं, कुणा एकाचं नाही.

१९३७ चा शरियत कायदा तुम्ही आम्हाला मिरजेच्या पद्धतीने पाठ करून घेतलात. ज्या साली किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब गेले, त्या सालचा कायदा. दर्ग्यात त्यांची कबर रोज दिसते, साल विसरायची सोय नाही. त्याआधी खोजा-मेमनांसारख्या समाजांत रूढीच्या नावाखाली मुलींना वारशातून वगळलं जायचं, आणि रूढीच्या जागी शरियत आणणं हे त्या कायद्याचं काम होतं. मालगावच्या एका ताईंनी शेताचं विचारलं, तेव्हा तुम्ही हात वर केलेत, "त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळली आहे. हे वकिलाला विचारा, मला नाही." माहीत नसलेल्या जागी थांबणारा माणूस दिसला की माहीत असलेल्यावर भरवसा बसतो.

शेजारच्या भाभींचं काम तर तुमच्याशिवाय झालंच नसतं. नवरा सासऱ्यांच्या आधी गेला, पदरात दोन पोरं. दुसरे मुलगे हयात असताना नातवंडांना आजोबांच्या वारशात हिस्सा नाही. इजिप्तने १९४६ साली सक्तीच्या वसीयतीची तरतूद करून यावर वाट काढली, पाकिस्तानने १९६१ साली वेगळी काढली. आपल्याकडे तशी तरतूद नाही. तुम्ही त्या म्हाताऱ्या सासऱ्यांकडे स्वतः गेलात. एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते, आणि नातवंडं वारस नसल्यामुळेच त्यांच्या नावे ती करायला अडचण नाही, हे दोन कप चहात समजावलंत. वसीयत झाली. मुलगे थोडे नाराज आहेत, होऊ देत.

एक विनंती आहे. तुमच्या वहीतली ही गणितं उर्दूत आहेत, आणि आम्हा मराठी शाळेतल्या बायकांना उर्दूची नस्तालिक लिपी वाचायला वेळ लागतो. तुम्ही सांगा, मी देवनागरीत उतरवून घेते.

आणि येत्या रविवारी मोठ्या नणंदेला घेऊन येते आहे. तिच्या सासऱ्यांचं प्रॉपर्टी कार्ड, पासबुक आणि उधारीची यादी सोबत आणते आहे. तिच्या सासूबाईंचा निकाहनामा मात्र सापडत नाही, आणि मेहेर किती ठरला होता ते त्यांना आठवत नाही. निकाहाच्या साक्षीदारांपैकी एक आजोबा तासगावला असतात. त्यांना रिक्षा करून घेऊन येऊ का?

तुमची विद्यार्थिनी,
सतारमेकर गल्ली, मिरज