भाकरी, चहा आणि लोह

मा. संपादक,

स.न.वि.वि.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी हे जेवण मुळात उत्तमच. ज्वारीत लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) कमी, ते कडधान्यातून मिळते. म्हणून भाकरीसोबत नुसता ठेचा किंवा पातळ आमटीचे पाणी पुरत नाही, घट्ट वाटीभर उसळ हवी. घोटाळा होतो तो जेवणावरच्या चहाने. चहातले टॅनिन हे तुरट द्रव्य भाजी-कडधान्यातल्या लोहाला धरून ठेवते आणि ते पुरते अंगी लागत नाही. स्त्रियांची लोहाची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅम, पुरुषांची १९. म्हणजे फटका बायकांनाच जास्त. चहा सोडा असे आम्ही म्हणणार नाही (इथे ते कोण ऐकणार!), पण जेवणाआधी आणि नंतर एकेक तास तरी जाऊ द्यावा.

ज्वारी-मटकीतले फायटेट हे नैसर्गिक द्रव्यही लोह अडवते. मटकी ८ ते १० तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, ओल्या फडक्यात १२ तासांवर बांधली की हे फायटेट घटते. पाणी राहिले तर मोड आंबूस होतात. लोह अंगी लागायला लिंबातले क जीवनसत्त्व मदत करते, म्हणून उसळीवर अर्धे लिंबू पिळावे, तेही पातेले खाली उतरवल्यावर. उकळत्या रश्श्यात ते फारसे टिकत नाही.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. लोणचे, पापड, चटणी त्यातच धरावी. आणि आपला दुधाचा गोड कुंदा सणावारी खावा की!

आपले,
दोन आहारतज्ज्ञ, बेळगाव