सोडतीआधीच गळणारी मुले

महोदय,

शिक्षण हक्क कायद्याखाली (आरटीई) खासगी शाळांत गरीब व वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के मोफत प्रवेशांची चर्चा दरवर्षी सोडतीच्या दिवशी सुरू होते आणि या मुलांच्या शुल्कापोटी सरकारकडून शाळांना येणे असलेल्या थकीत प्रतिपूर्तीवर येऊन थांबते. सरकारी वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना या प्रवेशांतून वगळणारी फेब्रुवारी २०२४ची राज्य सरकारची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी १९ जुलैला रद्द केली, हे बरेच झाले. मात्र मुले गळतात ती सोडतीच्याही आधी, कागदपत्रांपाशी.

दुर्बल घटकासाठी उत्पन्नमर्यादा वर्षाला एक लाख, म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. शहरात सोसायटीच्या गेटवर बारा तास उभा राहणारा रखवालदारही यात बसत नाही. (आर्थिक दुर्बलांच्या १० टक्के आरक्षणाला मात्र आठ लाखांपर्यंत चालते.) ज्याचा पगार बँकेत जमा होतो तो पगारपत्रकामुळे अडकतो, रोखीचा धंदा करणारा कमी उत्पन्न दाखवून तहसीलदारांचा दाखला मिळवू शकतो. वंचित गटातील जातींना उत्पन्नाची अट नाही, पण परराज्यातला जातीचा दाखला चालत नाही. बांधकामावर आलेली कुटुंबे तिथेच बाद.

त्याहून मोठी अडचण पत्त्याची. आधार, रेशनकार्ड गावचे. राहणे भाड्याच्या खोलीत. मग नोंदणीकृत भाडेकरार हवा, तोही किमान ११ महिन्यांचा आणि अर्जाच्या तारखेआधी नोंदवलेला. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्कच १,००० रुपये, वर मुद्रांक आणि एजंटचे पैसे. तेही कुणी उसने आणेल, पण करारावर घरमालकाचाही अंगठा लागतो. ज्याच्या खोलीचेच कागद धड नाहीत तो मालक कशाला अंगठा देईल? शेवटी नोटरी केलेला करार जोडला जातो आणि सोडतीत नंबर लागूनही पडताळणी समिती प्रवेश नाकारते. त्यात चूक समितीची नाही, नियमाची आहे.

ऑनलाइन अर्जात नकाशावर घराची खूण करावी लागते, तिचेही तेच. सायबर कॅफेवाला घाईत खूण चौकात टाकतो, शाळेचे अंतर चुकते, घराचा पत्ता जुळत नाही आणि मिळालेला प्रवेश रद्द होतो. चूक सुधारण्यासाठी दुसरा अर्ज भरला, तर दोन्ही बाद होण्याचा धोका.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू ज्याला ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हणत, ते इथे फॉर्म भरण्याच्या सवयीत दिसते. मोफत जागेसाठीही वकिली वळणाचे कागद वेळेत जमवता येणारे पालक लागतात. योजनेचा लाभ गरिबांतल्या त्यातल्या त्यात सावरलेल्यांकडे झुकतो, तो यामुळे.

उत्पन्नमर्यादा किमान वेतनाशी जोडावी. भाडेकराराऐवजी अंगणवाडीच्या नोंदवहीतील नोंद रहिवासी पुरावा म्हणून धरावी; दाखला नगरसेवकाचा नव्हे, तर अंगणवाडी सेविकेचा असावा. मूल कुठल्या गल्लीत राहते हे तिला ठाऊक असते. खूण चुकल्यास प्रवेश रद्द करण्याआधी दुरुस्तीला सात दिवस द्यावेत. आणि आठवीनंतर पूर्ण शुल्क लागू होते, हे पालकांना पहिलीच्या प्रवेशावेळीच लेखी कळवावे.

– आरटीई अर्ज भरून देणारे कार्यकर्ते, पिंपरी-चिंचवड