बॉयलर अटेंडंटला बॉयलरपाशीच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या बातम्या येऊ लागतात. तिथे निदान इंजिनिअर असतात, तिन्ही पाळ्यांना माणसं असतात. मला काळजी वाटते ती साइझिंग (सुताला खळ लावणं), डाईंग (रंगाई), दूध प्रक्रिया अशा ठिकाणच्या, वाफ पुरवणाऱ्या लहान बॉयलरची.

बॉयलर चालू असताना प्रमाणपत्रधारक अटेंडंट, म्हणजे बॉयलर सांभाळणारा माणूस, हजर हवा, असा नियम आहे. प्रत्यक्षात त्यालाच सुताची पोती उतरवायला, बीम (सूत गुंडाळलेले जड रूळ) चढवायला पिटाळतात. ‘पाण्याचा पंप ऑटोमॅटिक आहे, तू तिथं बसून काय करतोस?’ हे मी नोकरीभर ऐकलं.

काय करतो, ते सांगतो. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेचा खालचा मार्ग गाळाने तुंबला, तर बॉयलरमधलं पाणी घटलं तरी काचेत पाणी दिसत राहतं. म्हणून दर पाळीला कॉक उघडून काच ब्लो करायची, म्हणजे त्यातलं पाणी-वाफ जोरात बाहेर सोडायची, आणि मग कॉक बंद करायचा. पाणी झर्रकन वर चढलं तर ठीक, रेंगाळत चढलं तर मार्ग तुंबतोय. आणि काच रिकामीच दिसली तर पंप सुरू करायचा नाही, आधी आग बंद करायची. लालबुंद नळ्यांवर गार पाणी सोडणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. घाबरलेला नवखा नेमकं तेच करतो.

दहा किलो दाबाला (दर चौरस सेंटिमीटरला) बॉयलरमधलं पाणी सुमारे १८४ अंशांवर असतं. शेल, म्हणजे बॉयलरचं बाहेरचं पोलादी कवच, फाटलं की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती सुमारे १,६०० पट जागा मागते. मग भिंत काय नि छप्पर काय! घरच्या कुकरमध्ये जेमतेम एक किलो दाब, तरी २०२१ पासून त्याला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. दहापट दाबाशेजारी मात्र एका माणसाचा पगार मालकांना जड होतो, याचा मला संताप येतो.

१९२३ चा बॉयलर कायदा जाऊन आता २०२५ चा नवा कायदा आला. पण वार्षिक तपासणी आधी ठरवून, बॉयलर थंड करून, उघडून होते. ती हवीच. मात्र रात्रपाळीत तिथे कोण उभा असतो, हे त्यातून कळत नाही. राज्याच्या बाष्पके (म्हणजे बॉयलर) संचालनालयाने रात्री न सांगता यावं, अटेंडंट कुठे आहे ते विचारावं, त्याचं प्रमाणपत्र बघावं आणि त्याला समोर काच ब्लो करून दाखवायला सांगावं. पाच मिनिटांचं काम आहे.

— एक निवृत्त बॉयलर अटेंडंट, इचलकरंजी