मंगळवारी साडेदहाला डोळे दाखवायचे आहेत

कॅल्गरी, १२ ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की बाबा "बघू गं" म्हणतात आणि तो तिथेच राहतो, म्हणून लिहून पाठवतेय. आई, वाचून झालं की हा कागद फ्रिजवर लावून ठेव.

गणपतीत तिकडे आले होते तेव्हा बाबा निरांजन लावत होते. काडी पेटवली आणि वातीच्या बोटभर बाजूला तुपात टेकवली. चर्र आवाज होऊन विझली. दुसऱ्या काडीच्या वेळी बाबांनी आधी डाव्या हाताने निरांजनाची कड चाचपली आणि मग वात पेटवली. आरत्या तुम्हाला तोंडपाठ, त्यामुळे पुढे पुस्तक हवं होतं की नव्हतं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझं मात्र त्यानंतर आरतीत मन लागलं नाही. आजी आठवत राहिली.

आजीचं ताट आठवतं ना? कडेची कोशिंबीर तशीच राहायची आणि आपण म्हणायचो, तिला आवडत नसेल. डोळा दुखला नाही, लाल झाला नाही, समोरचं दिसत होतं. काचबिंदू आहे हे कळेपर्यंत बाजूची नजर गेली होती, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत मिळत नाही. बाबा, ती तुमची सख्खी आई. आई-वडिलांना किंवा भावंडांना असेल तर आपल्याला होण्याची शक्यता वाढते. तुम्हाला तेच झालंय असं मी म्हणत नाही. मोतीबिंदू असेल, नुसता नंबर वाढला असेल. पण ते तपासल्याशिवाय कसं कळणार? दुकानातून आणलेल्या तयार चष्म्याने अक्षर मोठं दिसतं, डोळ्याच्या आत काय चाललंय ते दिसत नाही.

आता पैशांचं. सुपर व्हिसावर, म्हणजे मुलांकडे पाहुणे म्हणून, होतात तेव्हा तुमचा विमा खाजगी होता आणि डोळे तपासायचे डॉलर खिशातून गेले. ते तुमच्या मनातून अजून गेलेलं नाही, मला माहीत आहे. आता तुम्ही दोघंही पीआर, म्हणजे कॅनडाचे कायमचे रहिवासी, आहात, पाकिटात हिरवं हेल्थ कार्ड आहे. ओंटारियोत ६५च्या पुढच्या माणसाची डोळ्यांची पूर्ण तपासणी ओहिप, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, दर १८ महिन्यांनी करून देतं. सप्टेंबर २०२३च्या आधी ती दरवर्षी मिळायची. काचबिंदू, डायबेटिस किंवा मॅक्युलाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा आजार असेल, तर आजही दर १२ महिन्यांनी मिळते. बाबा, यात मुलीच्या खर्चाचा प्रश्नच येत नाही. हा तुमचा हक्क आहे.

आई, तू ६३ची, म्हणून वयात बसत नाहीस. २० ते ६४ मधल्या धडधाकट माणसाला पैसे भरावे लागतात. पण तुला डायबेटिस आहे, त्यामुळे वर्षातून एकदा तुझीही तपासणी ओहिपमध्येच होते. "मला तर सुई ओवता येते" हे सांगू नकोस. साखरेने पडद्याला होणारा त्रास सुरुवातीला जाणवत नाही. तुमची दोघांची वेळ एकदमच घेतली आहे.

मागे मॉलमधल्या एका दुकानातून बाबा रागावून परत आले होते, त्याचा उलगडा मला आत्ता झाला. काउंटरवर पडद्याच्या फोटोचे पैसे सांगितले आणि बाबांना वाटलं तपासणीचेच. तसले फोटो आणि स्कॅन बरेचदा ओहिपच्या बाहेर असतात. आधी नीट समजावून सांगायला हवं होतं, ते त्यांनी केलं नाही. शिवाय इथे चष्मा बनवून देणारा ऑप्टिशियन वेगळा आणि डोळे तपासणारा ऑप्टोमेट्रिस्ट वेगळा. ऑप्टोमेट्रिस्टकडे जायला फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. ऑपरेशनसारखं काही निघालं तर तेच पुढे नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतात.

तुमच्या पोस्टल कोडवरून ओंटारियोच्या ऑप्टोमेट्रिस्ट संघटनेच्या यादीतले चार दवाखाने काढले आणि कामावरच्या सुट्टीत फोन केले. सगळ्यांना दोनच प्रश्न विचारले: ओहिप घेता का, आणि त्याच्यावर काही द्यावं लागेल का? एकाने फोनच उचलला नाही. एकाकडे जानेवारीशिवाय जागा नव्हती. तिसऱ्याला दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देता येईना, म्हणून तो सोडला. चौथ्या ठिकाणच्या बाईंनी मी न विचारताच सांगितलं की तपासणीचे पैसे लागणार नाहीत, जास्तीचं काही करायचं झालं तर आधी विचारू. तुमच्या औषधांच्या दुकानामागेच आहे ते. डॉक्टर हिंदी बोलतात, त्यामुळे आईला माझी किंवा बाबांची मध्यस्थी लागणार नाही.

मंगळवारी साडेदहा. दोघांची हेल्थ कार्डं, औषधांची यादी आणि बाबांचे सगळे चष्मे, तो दोऱ्याने बांधलेला सुद्धा, बरोबर घ्या. आजीच्या काचबिंदूचं बाबांनी स्वतः सांगायचं, त्यांनी विचारायची वाट बघू नका. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, मग काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही. म्हणून गाडी नेऊ नका, टॅक्सी मी बुक करते. गॉगल न्या. डॉक्टरांनी फोटो किंवा स्कॅन गरजेचा आहे म्हटलं तर हो म्हणा आणि ते पैसे मला देऊ द्या.

चष्मा ओहिपमध्ये येत नाही. तो तिथेच घ्यायलाच हवा असं नाही. नंबरचा कागद मागून घ्या, मग चष्मा कुठूनही करता येतो. डिसेंबरात पुण्याला जाताच आहात, लक्ष्मी रोडवर करायचा असेल तरी चालेल. पण नंबर फार बदलला असेल तर तोपर्यंत थांबू नका.

मंगळवारी माझी मीटिंग मी पुढे ढकलली आहे. तुमच्याकडे एक वाजला की फोन करते. बाबा, फोन तुम्हीच घ्या.

तुमची,
चिमू